डांबरगोळी

वेळ अमावास्येच्या रात्री आमच्याकडं कुणी जागं राहत नाही. दिवसभर शेतात कोपीपुढं बसून भज्जी, बाजरीचे उंडे आणि वर दोन-दोन तांबे आंबील रिचवल्यावर माणूस आडवं होतं ते कोंबड्यालाच उठतं. मी मात्र रात्री अडीचला उठले. मेंढी ओरडली म्हणून नाही, तिला उत्तर कमी येत होतं म्हणून.

जरा नीट सांगते. व्यालेली मेंढी पिल्लाशी बोलते तेव्हा तोंड उघडत नाही. घशातल्या घशात घुमते, लांब कुणाच्या तरी विहिरीवर मोटर चालू असावी तशी. पिल्लू त्यावर बारीक ‘बें’ करतं. त्या रात्री घुमणं ऐकू येत होतं, ‘बें’सुद्धा येत होतं, पण एकाच गळ्यातून. आणि आठ दिवस मी त्या मेंढीचं पोट बघत होते. ते एकाचं पोट नव्हतं.

बॅटरी घेऊन वाडग्यात गेले. तुराट्यांचा कूड, वर पत्रा, खाली कडब्याचं भुसकट. पहिलं पिल्लू, नर, आईच्या पुढ्यात चार पायांवर डुलत उभं होतं आणि आई त्याला चाटून चाटून कोरडं करत होती. दुसरं तिच्या मागं, कुडाला लागून पडलेलं. अंगावर पिवळट चिकटा, अर्धा पडदा अजून मानेवर. मी पडदा ओढून काढला, नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला. तोंडात बोट घातलं तर आतून गार. जिवंत जनावराचं तोंड आतून गार लागणं ही गोष्ट एकदा बोटाला कळली की बोट ती विसरत नाही.

आमची मेंढरं म्हणजे काही मोठा कारभार नाही. सासऱ्यांच्या काळात ऐंशीची खांड होती म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा चाळीस होती. आत्याबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली, आता १४ आहेत. आत्याबाई म्हणजे सासूबाई. माझं माहेर लातूरचं, शिक्षण बीएपर्यंत, लोकरीशी संबंध म्हणजे आईचं विणकाम. सासर केज तालुक्यातल्या मुरमाड माळावर, धनेगावचं मांजरा धरण जवळ. गंमत अशी, की २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. माझी आई रेल्वेचं पाणी पीत होती आणि मी धरणाच्या तोंडाशी राहून टँकरचं.

दसरा-दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव कारखान्यावर जातं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन, आणि माझ्या नवऱ्यासारखे उसाच्या ट्रॅक्टरवर. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि जनावरं. दख्खनी मेंढी नेमकी याच दिवसांत विते. पावसाळ्याच्या तोंडाला मेंढा लागला की पाच महिन्यांनी पिल्लं येतात, म्हणजे ऐन थंडीत. परभणीचा पारा एक आकडी झाल्याची बातमी पेपरात येते ना, त्या आठवड्यात.

दख्खनी मेंढीला सहसा एकच होतं. पण सासऱ्यांनी एक मेंढा आणला होता, फलटणकडच्या रक्ताचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालमधल्या सुंदरबनातल्या गरोळ नावाच्या बारक्या मेंढीचा जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनीत उतरवला. त्या मेंढीला नारी सुवर्णा म्हणतात. तो गुण आईकडून नाहीतर बापाकडून, एकाकडून आला तरी पुरतो. त्यामुळं आमच्या खांडीत अधूनमधून जुळं निघतं. चांगल्या सालात सोनंच ते. पण मेंढीला सड दोन, दूध बेताचं, आणि ओल्या दोन पिल्लांना चाटायला जीभ एकच. पहिल्याला चाटण्यात ती गुंतली की दुसरं गारठून जातं. मेंढीची चूक म्हणता येत नाही. बाळंतपणात मलाही एका वेळी एकच सुचत होतं.

तर ते पिल्लू उचललं आणि घरात पळाले. आता इथं मी जे जे केलं ते मायेनं केलं, हे आधीच सांगून ठेवते.

घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि त्याला धुतलं. साबण लावून. अंगाला इतका घाण पिवळा चिकटा होता की मला दुसरं सुचलंच नाही. टॉवेलनं खसाखसा पुसलं. गुंडाळायला लोकरीचं काही हवं म्हणून ट्रंक उघडली. ट्रंकेत दोनच लोकरीच्या वस्तू: आत्याबाईंची काळी घोंगडी आणि माझ्या आईनं नवऱ्यासाठी विणलेला विटकरी स्वेटर. घोंगडीला हात लागेना. तिच्यावर त्या गेल्या होत्या. आता अशी घोंगडी विणणारेही जवळपास राहिले नाहीत. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून हातमागावर काढलेली, पावसातसुद्धा आत थेंब न घेणारी. ती खराब व्हायला नको म्हणून स्वेटर घेतला. दोन्हीत डांबराच्या गोळ्या घातलेल्या, कसरीनं खाऊ नये म्हणून. स्वेटर झटकला तशा तीन-चार गोळ्या फरशीवर टणटणत गेल्या.

पोरगा त्या आवाजानं उठला. नऊ वर्षांचा आहे. म्हणाला, “मेलंय का?”

“नाही. थर्मामीटर दे.”

९५. कोकराला १०२-१०३ लागतो. त्याच्या हिशोबानं पिल्लू निम्मं पलीकडं गेलेलं होतं.

आणि तरी मी दूध पाजलं नाही. एवढी एक गोष्ट त्या रात्री मी बरोबर केली, आणि ती माझी अक्कल नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी असंच एक गारठलेलं पिल्लू माझ्या मांडीवर होतं. आत्याबाई गावाला गेल्या होत्या. मी शेळीचं दूध गरम केलं, पिल्लू आडवं धरलं आणि चमच्यानं घशात सोडत राहिले. ‘पी बाळा, पी.’ ते पीतही होतं, असं मला वाटत होतं. पहाटे त्याच्या नाकातून दूध बाहेर आलं. गार पडलेल्या पिल्लाला चोखायची न गिळायची ताकद नसते, दूध सरळ फुप्फुसात उतरतं. आणि पोटात गेलं तरी गार पोट ते पचवत नाही. हे मला नंतर कळलं. सकाळी आत्याबाई आल्या, पिल्लाचं नाक बघितलं, त्यांना सगळं समजलं. बोलल्या काहीच नाहीत. फावडं घेऊन बांधाकडं गेल्या. चार दिवसांनी भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाल्या, “आदी ऊब, मग दूद.”

त्या रात्री हेच वाक्य मी धरून बसले. कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्यांत गरम पाणी भरलं, फडक्यात गुंडाळून पिल्लाच्या दोन्ही अंगांना लावल्या. चुलीत निखारे होते, पण चुलीजवळ नेलं नाही, कारण एका बाजूनं भाजतं आणि दुसऱ्या बाजूनं गारच राहतं. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. एवढ्या रात्री उचलतील असं वाटलं नव्हतं. उचलला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “जन्मून किती तास झाले?”

मला वाटलं ते माझ्या हलगर्जीपणाची मोजदाद करतायत. तसं नव्हतं. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात एक खास तपकिरी चरबी असते, तीच जाळून ते ऊब करतं. पण ती चार-पाच तासांचीच शिदोरी असते. तेवढ्या वेळात सापडलं तर नुसतं कोरडं करून शेकलं तरी चालतं. ती संपल्यावर शेकलं तर अंग गरम होतं, रक्तातली साखर मात्र उरलेली नसते, आणि पिल्लू उबेतच झटका येऊन जातं. अशा वेळी आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते डॉक्टरनंच द्यावं. आमचं एक तासाच्या आतलं होतं. “शेका,” म्हणाले, “शंभराच्या आसपास आलं आणि बोट चोखायला लागलं की चीक पाजा. आईचाच.”

चीक काढणं सोपं नसतं. मेंढीच्या सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं, ते दोन बोटांत दाबून पहिल्या पिळ्याला काढावं लागतं. मग येतो तो चीक, काकवीसारखा जाड, पिवळाधमक, बोटांना चिकटणारा. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडीफार रोगाशी लढायची ताकद मिळते. मेंढीच्या वारेतून तसलं काही पिल्लाकडं जात नाही. जे काही मिळायचं ते या चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतड्यांची ती दारं बंद. त्यामुळं त्या वाटीतल्या चार-पाच चमच्यांकडं मी जसं बघत होते तसं खरवसाच्या चिकाकडं कधी बघितलं नाही.

साडेचारला नवऱ्याचा फोन. रात्री पावणेतीनला मीच केला होता, तेव्हा उसाच्या रांगेत ट्रॅक्टर उभा करून ते केबिनमध्ये झोपले होते. म्हणाले होते, “जाऊ दे की आगं, एक तर हाय ना. झोप तू.” आता स्वतःहून केला.

“हाय का?”

“आहे. ९९.”

“बरं.” आणि ठेवून दिला.

पाचच्या पुढं पिल्लानं बोट चोखलं. आधी नुसती जीभ हलली, मग टाळूनं बोट धरलं. बाटलीतून चीक पाजला, पिल्लाला पोटावर बसवून, मान वर करून. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढाही नसेल. त्याच्या शेपटीला झटके यायला लागले. कोकरू पिताना शेपूट हलवतं ना, ते बघितलं आणि मला रडू आलं. पोरगं माझ्याकडं बघत म्हणालं, “आता कामून रडायलीस? जगलं की.”

उजाडायच्या आत, मोठ्या तोऱ्यात, मी पिल्लू आईकडं नेलं.

मेंढीनं ते हुंगलं. तोंडाशी नाही, मेंढी पिल्लाला शेपटीखाली हुंगते. एकदा हुंगलं, मान वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला. दुसऱ्यांदा हुंगलं आणि अशी ढुशी दिली की पिल्लू कुडावर जाऊन आदळलं. मी उचलून पुन्हा लावलं. पुन्हा ढुशी. तिचा नर तिच्या कासेला लागलेला, त्याच्यासाठी ती तशीच घुमत होती. ह्याच्यासाठी तो आवाजच नाही.

मी तिला शिव्या घातल्या. आता आठवलं की लाज वाटते.

शेजारच्या मामी मेंढरं सोडायला निघाल्या होत्या. सत्तरीच्या असतील. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांच्या फिरत्या वाड्यासोबत गेलं. रात्री कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्या-मुताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, सकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, गुंडाळून पुढचं गाव. कमरेला ओचा खोचत त्या आत आल्या. मी काय झालं ते सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. पिल्लू माझ्या हातातून घेतलं आणि त्याचा वास घेतला. मेंढीसारखाच, शेपटीकडून. मग माझ्याकडं वळून माझ्याही पदराचा वास घेतला.

“धुतलंस व्हय गं?”

“घाण होतं, मामी.”

“घाण नव्हतं पोरी. त्येच तर त्येचं नाव होतं.” मग स्वेटरला नाक लावून तोंड वाकडं केलं. “आन् हे काय? हिच्या लेकराला संडासाचा वास यायलाय. तुह्या सासूची घोंगडी कुठंय? घोंगडीत कामून न्हाई गुंडाळलं?”

घोंगडी ट्रंकेत होती. घोंगडी, जिला मेंढराचाच वास असायचा आणि मी जिच्यात डांबरगोळ्या घालून दोन वर्षं तो वास मारत बसले होते.

पुढं वाचनातून कळलं ते मामींना वाचायची गरज नव्हती. मेंढी लांबून पिल्लाचा आवाज ओळखते, पण कासेला कुणाला घ्यायचं ते नाकच ठरवतं. व्याल्यानंतरचे पहिले काही तास तिचं नाक उघडं असतं. पिल्लाच्या अंगावरचं पोटातलं पाणी तिला तेव्हा हवंहवंसं वाटतं, एरवी ती त्याच्याकडं ढुंकूनही बघणार नाही. चाटता चाटता तो वास तिच्या डोक्यात बसतो आणि मग दार लागतं. नंतर येईल तो परका. मी तिच्या हातातलं काम काढून घेतलं होतं आणि वर साबण लावला होता.

मामींनी विचारलं, “वार पडली का?”

नशिबानं वार नुकतीच पडली होती. कुत्र्यांनी ओढू नये म्हणून मी तिच्यावर घमेलं पालथं घातलं होतं. मामींनी ती उचलली आणि पिल्लाच्या पाठीवरून, शेपटीवरून, डोक्यावरून फिरवली. भिंतीला पोतारा द्यावा तशी, काही मागं राहणार नाही अशी. मग तो मोठा नर धरला, जो अजून मागच्या बाजूला ओलसर होता, आणि दोघांना एकमेकांवर घासलं. वर मेंढीचाच चीक चार थेंब शेपटीच्या मुळाशी चोळला. मी तिथं उभी होते आणि मला आठवत होतं की रात्री मी हेच सगळं किती मन लावून पुसून काढलं होतं.

शेवटी दोन खुंट रोवून मेंढीची मान त्यात अडकवली. तिला खाता यायचं, बसता यायचं, पण मागं वळून ढुशी देता यायची नाही. बारकं पिल्लू मागच्या पायांमधून कासेला लावलं. मेंढी थरथरली, पाय आपटला. पिल्लू चिकटलं.

“आता आठ दिस आसंच,” मामी म्हणाल्या. “तिचं दूद त्याच्या पोटातून गेलं की वास आपसूक बदलतो. घेतली तर घेतली. न्हाई तर तू हाईसच.”

‘तू हाईसच’ हे त्यांनी कौतुकानं म्हटलं नव्हतं.

मेंढीनं घेतली, पण सगळी नाही. हो, मादी होती ती. पोरानं नाव डांबरगोळी ठेवलं. मान अडकवलेली असली की आई पिऊ द्यायची, सोडली की हुंगायची आणि अंग काढून घ्यायची. मारायची नाही, हे खरं. पण घुमायचीही नाही. डांबरगोळी शहाणी झाली. भाऊ एका सडाला लागला की ही मागून, पायांच्या फटीतून, चोरून दुसरा सड धरायची. आई नाक फिरवून भावाला हुंगेपर्यंत हिचे चार घोट झालेले असायचे. बाकीचं आम्ही बाटलीनं.

बाटलीचं काम मी पोरावर टाकलं, आणि नवव्या दिवशी तिला हगवण लागली.

मागचे पाय पिवळ्या पाण्यानं भरलेले, डोळे आत. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तिथंच उभी राहायची, हळूहळू बसायची. ताणकाट्याला पिशवी लावून वजन केलं. जन्मली तेव्हा १ किलो ७०० ग्रॅम होती, आदल्या दिवशी अडीचला टेकली होती, आता दोन किलो शंभर. एका दिवसात. एवढ्याशा जनावरात पाणी असतं तरी किती.

दुपारी डॉक्टर आले, फटफटीवरून. पिल्लाआधी त्यांनी बाटली मागितली. बुचाचं रबर उलटं करून दाखवलं. आत दुधाची साय साचून आंबट, हिरवी झालेली. पोरगं बाटली धूत होतं, पण वरून. मी बघितलं नव्हतं. त्यांनी औषध दिलं, दूध एक दिवस बंद, दर दोन-तीन तासांनी मीठ-साखरेचं पाणी, थोडं थोडं. मग पाजायची रीत दाखवली. पिल्लू उभं, बाटली आईच्या कासेच्या उंचीला, मान थोडी वर. पिल्लू चोखतं तेव्हा घशापासून आत एक पन्हाळ जुळून येते आणि दूध रवंथाचं पोट टाळून थेट शेवटच्या पोटात, खऱ्या जठरात पडतं. चमच्यानं ओतलं की ती पन्हाळ नीट जुळत नाही, दूध भलत्याच पोटात पडतं आणि तिथं सडतं. पोरगं तोंड उघडं टाकून ऐकत होतं. त्या दिवसापासून बाटली उकळायचं काम त्यानं कुणाला करू दिलं नाही.

ती रात्र पहिल्या रात्रीपेक्षा वाईट गेली. पहिल्या रात्री निदान करायला काही ना काही होतं. या वेळी दोन तासांतून एकदा पाच मिनिटांचं काम आणि बाकी नुसतं बघत बसायचं. ती स्वेटरवरच पडली होती. घोंगडी आता ट्रंकेबाहेर होती, मी आणली, अंथरली, तिला उचलून तिच्यावर ठेवलं. ती दोनदा धडपडत उठली आणि लडखडत स्वेटरवर जाऊन बसली, नाक बाहीत खुपसून.

त्या रात्री मी हिशोबही केला, खोटं कशाला बोलू. लोकरीला आता कुणी विचारत नाही. वर्षाकाठी मेंढीमागं अर्धा किलोच्या आसपास निघते, आणि कातरणाऱ्याला आपणच पैसे द्यायचे. विकायचं ते कोकरू. डॉक्टरांची फेरी, औषध, बाटल्या, माझी झोप. एक मरतुकडं कोकरू या हिशोबात कुठंच बसत नाही. आत्याबाईंनाही हे माहीत असणार, माझ्यापेक्षा चांगलं. तरी त्या सोडून देत नसत. त्यांना विचारायला हवं होतं का ते. तेव्हा वाटायचं, त्या काय, अंगठेबहाद्दर, सवयीनं करतात.

पहाटे लेंडी झाली. पातळ, पण लेंडी. पोरानं शाळेत जाऊन सांगितलं म्हणे.

जानेवारी संपेपर्यंत ती चांगली उड्या मारायला लागली, आणि नवीनच भानगड उभी राहिली. मेंढरं मोकळ्या रानात चरायला काढली की बाकीची सगळी एकमेकांच्या शेपट्या धरून पुढं, आणि ही माझ्या मागं. मी थांबले की ही थांबणार. मी घराकडं वळले की ही घरात. तुरीच्या शेंगा सोलताना माझ्या मांडीवर डोकं घालायची. पोराला मजा वाटायची, मलाही, लपवत नाही. मामींना अजिबात वाटली नाही. “मेंढराला मेंढरू म्हणू द्या तिला,” म्हणाल्या. “कोल्हं-लांडगं येतंय तवा तू यायचीस का पळायला? खांड पळती तशी पळाया यावं लागतं.”

त्या तिला घेऊन गेल्या. बारा दिवस, त्यांच्या खांडीत. म्हणाल्या, बघायला यायचं नाही. मी गेले नाही, पोरगं एकदा चोरून गेलं आणि बोलणी खाऊन आलं. परत आली तेव्हा अंगाला धुराचा, लेंड्यांचा, लिंबाच्या पाल्याचा वास होता आणि कानामागं दोन गोचिड्या. मी हात पुढं केला. तिनं तो हुंगला, क्षणभर थांबली आणि खांडीत शिरली. आईच्या शेजारी जाऊन बसली. आईनं शेपटीखाली हुंगलं, रवंथ चालू ठेवला. घुमली नाही, पण उठूनही गेली नाही.

मी आत येऊन स्वेटर कोमट पाण्यात धुतला, वाळवला, घडी घालून ट्रंकेत ठेवला. या वेळी डांबरगोळ्या घातल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या अखेरीला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे त्या सालचं गाळप संपलं. नवरा रात्री उशिरा आला. अंगभर उसाचं कुसळ, हातांना चिरा. पहाटे गारवा होता, त्यांनी ट्रंक उघडली, स्वेटर काढून अंगात घातला आणि तांब्या घेऊन वाडग्याकडं गेले. मी चूल पेटवत होते. थोड्या वेळानं हाक आली.

“आगं ए, इकडं ये.”

गेले. ते वाडग्यात उकिडवे बसले होते, तांब्या कलंडलेला. डांबरगोळी खांडीतून उठून आली होती आणि तिनं स्वेटरच्या बाहीत, कोपराच्या आतल्या बाजूला, नाक खुपसलं होतं. तिथंच टाळूनं लोकर धरून चोखत होती. शेपूट झटके देत होती.

“ही कोण?” ते हळूच म्हणाले. हात हलू नये म्हणून तसेच अवघडून बसले होते. “मला ओळखत असल्यावानी कामून करायलीय?”